दोन वेळापत्रकांमध्ये सापडलेला खेळाडू

महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंस,



आपल्या विद्यापीठात दरवर्षी दोन वेळापत्रके निघतात. एक परीक्षा विभागातून, दुसरे क्रीडा विभागातून. दोन्ही कार्यालये बहुतेक ठिकाणी एकाच आवारात असतात, पण ही वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचायची वेळ येते ती फक्त खेळाडू विद्यार्थ्यावर. ऑगस्टच्या सुमारास महाविद्यालयाची निवड चाचणी, मग झोनल, मग इंटरझोनल, त्यातून निवडलेल्या विद्यापीठ संघाचे सराव शिबिर आणि पुढे थंडीच्या महिन्यांत पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा एक कार्यक्रम. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत सबमिशन, इंटर्नल, प्रात्यक्षिके आणि सत्राची लेखी परीक्षा, असा दुसरा. नोव्हेंबरात हे दोन्ही एकमेकांवर येऊन आदळतात आणि मध्ये एकोणीस-वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा उभा असतो.

खेळामुळे अभ्यास बुडतो की सुधारतो, हा वाद घराघरांत चालतो. पालक एका बाजूला, क्रीडा शिक्षक दुसऱ्या बाजूला आणि दोघांकडे आपापली उदाहरणे तयार. पण अभ्यास बुडणार की टिकणार, हे पुष्कळ अंशी विद्यापीठाच्या व्यवस्थेवर ठरते, आणि ती व्यवस्था आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र पालकांना किंवा खेळाडूंना न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एखाद्या खो-खो खेळाडूचा आठवडा पाहावा. पहाटे मैदान, आठला रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक, दुपारी तास, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि अंधार पडायच्या सुमारास गावाकडची शेवटची एसटी. तिची विद्यापीठ संघात निवड होते. घरी पेढे वाटले जातात, महाविद्यालयाच्या फलकावर नाव लागते. मग शिबिराचे दिवस, रेल्वेचा जाता-येताचा प्रवास, स्पर्धेचे दिवस. ती परत येते तेव्हा दोन-तीन टायट्रेशन बुडालेली असतात. जर्नलवर सही हवी तर प्रयोग पूर्ण हवेत. ते पूर्ण करायचे तर प्रयोगशाळा तिच्यासाठी वेगळ्या वेळी उघडायला हवी. ती उघडायची तर विभागप्रमुखांची परवानगी हवी. फिजिकल डायरेक्टरांचे पत्र घेऊन ती एका दारातून दुसऱ्या दाराशी जाते. विभागप्रमुख स्वतः कधी मैदानावर उतरलेले असतील तर काम पाच मिनिटांत होते. नसतील तर प्रश्न येतो : ‘खेळायचं होतं तर सायन्स कशाला घेतलंस?’

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या असंख्य खेळाडूंनी ऐकलेला आहे. आणि त्याचे उत्तर पुढच्या तुकडीने कृतीने दिलेले आहे. ज्यांना खेळायचे असते ते सायन्स घेत नाहीत. बारावीला चांगले गुण असलेली, गणिताची आवड असलेली मुलेही खेळासाठी बी.ए.ला नाव घालतात, कारण तिथे प्रात्यक्षिके नाहीत आणि हजेरीच्या बाबतीत थोडे सांभाळून घेतले जाते. बी.ए. उत्तम पदवी आहे. इतिहास किंवा मराठी मनापासून शिकायला येणाऱ्याचे स्वागतच आहे. पण जेव्हा ती फक्त आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरण्यासाठी लागणारे ओळखपत्र म्हणून घेतली जाते, तेव्हा त्या मुलाची शाखा त्याच्या बुद्धीने किंवा आवडीने ठरलेली नसते. नोव्हेंबरातल्या त्या आदळण्याने ठरलेली असते. खेळ आणि शिक्षण यांच्या नात्यातला सर्वांत मोठा तोटा निकालपत्रावर दिसतच नाही. तो प्रवेश अर्जावर आधीच होऊन गेलेला असतो.

हे पूर्वी इतके तीव्र नव्हते, आणि याचे कारण साधे आहे. आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धांचा हंगाम वार्षिक परीक्षा पद्धतीच्या काळात आखला गेला. रोहिंटन बारिया करंडकाची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा 1930च्या दशकातली. त्या व्यवस्थेत हिवाळाभर खेळायचे, फेब्रुवारीत बूट बाजूला ठेवायचे आणि मार्च-एप्रिलच्या एकाच परीक्षेला बसायचे, हे जमत असे. सुनील गावसकर सेंट झेवियर्समध्ये शिकत मुंबई विद्यापीठाकडून खेळले आणि 1971मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा करून आले. त्या पिढीतल्या अनेक क्रिकेटपटूंच्या नावापुढे पदवी दिसते, त्यात त्यांची चिकाटी आहेच, पण वर्षाच्या आखणीचाही वाटा आहे. पुढे सत्र पद्धत आली. मुंबई विद्यापीठाने 2011-12च्या सुमारास ती श्रेयांकांसह लागू केली. वर्षाची एक परीक्षा होती तिथे दोन झाल्या, शिवाय इंटर्नल आणि सबमिशन सत्रभर पसरले. शैक्षणिक दृष्टीने त्यात चांगले बरेच आहे. मात्र परीक्षा बदलली आणि क्रीडा हंगाम होता तिथेच राहिला. हे दोन्ही जुळवून घ्यायचे काम कोणाकडेही सोपवलेले नव्हते.

मग खेळाडूला आपण देतो काय? गुण देतो. दहावी-बारावीला कामगिरीनुसार 25पर्यंत सवलतीचे गुण. विद्यापीठात साधारण दहापर्यंत. पुढे शासकीय नोकरीत गट अ ते गट ड पदांसाठी पाच टक्के समांतर आरक्षण. यामागची भावना चांगली आहे आणि कोणाचा हा हक्क काढून घ्यावा असे या पत्रात कुठेही म्हणायचे नाही. ललिता बाबर साताऱ्यातल्या मोही गावातून निघून 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली आणि पुढे राज्याच्या प्रशासनात थेट नियुक्ती मिळवून अधिकारी झाली, याचा आनंद सगळ्यांनाच आहे. पण हे सगळे शेवटी मिळते. जर्नल अपूर्ण असताना, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली घसरली असताना, लेखाशास्त्राचे एक पूर्ण प्रकरण बुडाले असताना त्या मुलीला दहा गुण नको असतात. तिला ते प्रकरण समजावून सांगणारे कोणी तरी हवे असते, आणि परीक्षा आठ दिवसांनी देण्याची मुभा.

गुण देऊन मोकळे होण्याचे आणखी दोन परिणाम झाले. खेळाडू म्हणजे गुण वाढवून घेऊन पास होणारा, अशी वर्गात त्याची ओळख झाली. ती ओळख पुसायला त्याला दुप्पट कष्ट पडतात. आणि गुणांना, नोकरीला थेट जोडले गेल्यामुळे प्रमाणपत्रालाच किंमत आली. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजली, त्यावरून गुन्हे दाखल झाले. कधी मैदान न पाहिलेल्यांनी कागद विकत घेतले आणि ज्यांचे गुडघे खरोखर फुटले त्यांच्या कागदाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

आता मूळ प्रश्न. खेळाने अभ्यासाचे नुकसान होते का? अभ्यासकांनी यावर बरेच काम केले आहे आणि त्यातला शालेय वयाचा भाग दिलासा देणारा आहे. फ्रांस्वा त्रुदो आणि रॉय शेफर्ड या कॅनडातल्या अभ्यासकांनी 2008मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. शाळेने शारीरिक शिक्षणाला रोज एक तासापर्यंत वेळ वाढवून दिला, तो इतर विषयांतून काढून दिला, तरी मुलांचे गुण घसरले नाहीत, असे त्यात दिसले.

त्याहून मोलाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ बेट्सी स्टीव्हनसन यांचा, 2010चा. खेळणारी मुले शिक्षणात पुढे दिसली की शंका येतेच : ती मुळातच शिस्तीची, सुस्थितीतल्या घरची असतील, खेळाचे श्रेय कशाला? स्टीव्हनसन यांनी ही शंका सोडवायला एक कायदा वापरला. अमेरिकेत 1972 साली टायटल नाइन आला आणि शाळांना मुलींना मुलांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे भाग पडले. ज्या राज्यांत मुलांचे खेळ आधीपासून जोरात होते, तिथे मुलींच्या संधीही भराभर वाढवाव्या लागल्या. मुलींनी मागितले म्हणून हे झाले नव्हते, कायद्याने झाले होते. त्यामुळे परिणाम वेगळा काढता आला. शालेय खेळांत मुलींचा सहभाग दहा टक्केबिंदूंनी वाढला, की महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे एका टक्केबिंदूने आणि पुढे नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण एक ते दोन टक्केबिंदूंनी वाढलेले आढळले. आकडे लहान वाटतील. एका राज्याच्या लोकसंख्येला लावून पाहिले तर ते लहान राहत नाहीत.

महाविद्यालयाच्या पातळीवर मात्र चित्र इतके सरळ नाही. जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांनी अमेरिकेतल्या नामांकित महाविद्यालयांची वर्षानुवर्षांची माहिती तपासून 2001मध्ये पुस्तक लिहिले. खेळासाठी निवडून घेतलेले विद्यार्थी त्यांच्या प्रवेशावेळच्या गुणांवरून अपेक्षित असते त्याहूनही मागे राहतात, असे त्यांना दिसले. म्हणजे ते कमी हुशार होते म्हणून मागे राहिले, एवढे म्हणून भागत नव्हते. का मागे राहिले, याचे उत्तर समाजशास्त्रज्ञ पीटर आणि पॅट्रिशिया अॅडलर या दांपत्याच्या कामात सापडते. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाबरोबर चार वर्षे काढली. मुले पहिल्या वर्षी आली तेव्हा त्यांना शिकायचे होते, पदवी मिळवायची होती, घरच्यांना अभिमान वाटेल असे काही करायचे होते. हळूहळू सराव, प्रवास, थकवा आणि प्राध्यापकांची नजर यांनी ते लक्ष्य झिजत गेले. त्यांनी अभ्यासातून मन काढून घेतले आणि पास होण्यापुरते उरले.

हे वाचताना आपल्याकडचा कोणताही क्रीडा शिक्षक मान हलवेल. मुले ध्येयाशिवाय येत नाहीत. ध्येय महाविद्यालयात आल्यावर गळते.

अमेरिकेचे नाव निघाले की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात, म्हणून तिथली व्यवस्था थोडी जवळून पाहायला हवी. तिथल्या महाविद्यालयीन खेळांची शिखर संस्था, एनसीएए, शैक्षणिक अटी घालते. पहिल्या श्रेणीच्या संघांत यायचे तर शालेय पातळीवर ठरावीक 16 विषय-पाठ्यक्रम आणि त्यांत किमान सरासरी लागते. हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. प्रत्यक्षात खेळाडूंना विचारले की ते 30 तासांच्या वर आकडे सांगतात. नियम आणि मैदान यांत तिथेही अंतर आहे. पण एक गोष्ट तिथे होते जी आपल्याकडे व्हायला हवी. खेळाडूंपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली, याचे प्रमाण दरवर्षी, संघनिहाय, जाहीर होते. पहिल्या श्रेणीत ते अलीकडे 90 टक्क्यांच्या आसपास आहे. चांगल्या स्थितीत विद्यापीठ सोडून दुसरीकडे गेलेल्यांना त्या हिशेबातून वगळतात, त्यामुळे आकडा काहीसा उजळ दिसतो, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

या आकड्यांना दातही आहेत. कनेक्टिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने 2011मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच संघाची शैक्षणिक प्रगती ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली गेली आणि 2013च्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायला त्यांना मनाई झाली. विजेत्या संघाला वर्गातल्या कामगिरीसाठी घरी बसवले! विद्यापीठाला अभ्यासाकडे लक्ष द्यावे लागले, आणि 2014मध्ये परतल्यावर संघाने पुन्हा विजेतेपद जिंकले.

उलट टोकाचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे. तिथे चॅपल हिलमध्ये अठरा वर्षे असे वर्ग चालले जे भरतच नव्हते. शेवटी एक निबंध द्यायचा, तोही नीट न तपासता चांगली श्रेणी मिळायची. 2014मध्ये वेनस्टीन चौकशी अहवाल आला तेव्हा तीन हजारांहून अधिक विद्यार्थी या वर्गांतून गेल्याचे उघड झाले. त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. खेळाडूंची सरासरी टिकवण्यासाठी शिक्षणच पोकळ करून टाकले गेले. सवलतीच्या गुणांवर भिस्त ठेवणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेने हे प्रकरण नीट वाचावे, कारण वाट तीच आहे, फक्त तिथे ती फार लांबपर्यंत चालली गेली.

आणि एक दिवस असा. 22 नोव्हेंबर 2008. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू मायरन रोल याची ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये होती आणि त्याच संध्याकाळी त्याच्या संघाचा सामना मेरीलँडमध्ये. नोव्हेंबरच, आणि दोन वेळापत्रकांची टक्करही तीच. विद्यापीठाने त्याला यांतले एक निवडायला लावले नाही. मुलाखत झाली, शिष्यवृत्ती मिळाली, खास विमानाने त्याला सामन्याच्या गावी नेले आणि खेळ सुरू झाल्यावर तो मैदानात उतरला. पुढे तो ऑक्सफर्डला शिकला, व्यावसायिक फुटबॉलमध्ये थोडा काळ राहिला आणि मग मेंदूशल्यविशारद झाला. आपल्याला विमान नको आहे. पण ‘दोन्ही कसे जमेल’ हा प्रश्न संस्थेने स्वतःचा मानला होता, तेवढे मात्र हवे आहे.

अशी माणसे आपल्या मातीत झालेली आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात होते. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952मध्ये हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी जमवली गेली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट भाषणांत नेहमी सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. पण प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागणे हे त्या प्राचार्यांचे मोठेपण आहे आणि व्यवस्थेचे अपयश. सत्तर वर्षांनंतरही खेळाडूचे भवितव्य एखादा विभागप्रमुख चांगला निघण्यावर अवलंबून असेल, तर खर्डेकरांकडून आपण काही शिकलो असे म्हणता येणार नाही.

नेमबाज अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीत होत्या. रायफल त्यांच्या हाती आली ती त्या वाटेने. 2000च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. महाविद्यालयाने त्यांना ऑलिंपिकपटू बनवले असे कोणी म्हणणार नाही, पण ते दार महाविद्यालयातच होते आणि उघडे होते. बंगळुरूत वाढलेले, घरी मराठी बोलणारे राहुल द्रविड भारतीय संघात निवडले गेले तेव्हा वाणिज्य पदवी घेऊन एमबीए करत होते. अनिल कुंबळे यांनी 1990मध्ये इंग्लंडमध्ये पहिली कसोटी खेळल्यानंतरही मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी पूर्ण केली. प्रात्यक्षिके, ड्रॉइंग, वर्कशॉप, सगळे असलेली पदवी. ‘खेळायचं होतं तर सायन्स कशाला’ असे त्यांना कोणी विचारलेच असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या 619 कसोटी बळींनी दिले आहे.

तरीही ही मोठी नावे घेताना जपून राहायला हवे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूंपैकी व्यावसायिक खेळात जाणारे दोन टक्क्यांहून कमी असतात, असे एनसीएए स्वतःच सांगते. आपल्याकडे क्रिकेट सोडले तर खेळावर घर चालवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कबड्डीत प्रो लीगने 2014पासून थोडी वाट मोकळी केली, तीही मुलांसाठी. झोनलला उतरणाऱ्या बहुसंख्य मुलांपुढे पोलीस भरती, लष्कर, रेल्वे, बी.पी.एड. आणि स्पर्धा परीक्षा हे रस्ते असतात. यांतल्या प्रत्येक रस्त्यावर पदवी किंवा लेखी परीक्षा येते. धावण्यात पूर्ण गुण घेऊन लेखीत मागे पडलेली मुले कोणत्याही भरतीच्या मैदानाबाहेर भेटतील. खेळाने त्यांना शरीर दिले, जिद्द दिली. तीन वर्षे विद्यापीठात असून वाचायची, लिहायची सवय मात्र सुटत गेली, कारण ती टिकवणे हे कोणाचेच काम नव्हते.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. मुलाला महाविद्यालयानंतरही तालीम असते, गावचे मंडळ असते, जत्रेतले सामने असतात. मुलीसाठी पुष्कळदा महाविद्यालयाचे मैदान हे शेवटचे मैदान असते. घरून परवानगी मिळते ती ‘कॉलेजात जाते’ म्हणून. निकालात एक एटीकेटी दिसली की सर्वांत आधी बंद होतो तो खेळ, आणि कधी कधी त्यापाठोपाठ शिक्षण, कारण स्थळे आलेलीच असतात. म्हणजे मुलीच्या बाबतीत तिच्या नोव्हेंबरच्या पेपरवर तिचा खेळ आणि तिची पदवी दोन्ही टांगलेली असतात. तो पेपर तिला स्पर्धेहून परतल्यावर देता आला, तर घरात वडिलांशी बोलायला तिच्याकडे निकाल असतो. वसतिगृहात खेळाडू मुलींसाठी चार खोल्या राखल्या आणि संध्याकाळच्या सरावानंतर जेवण मिळण्याची सोय झाली, तर शेवटची एसटी चुकण्याच्या भीतीने सराव सोडणाऱ्या मुली टिकतील. यासाठी मोठा खर्च नाही.

पेपर पुढे ढकलण्याची कल्पना नवी नाही. 2018मध्ये नेमबाज अनिश भानवाला पंधराव्या वर्षी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. त्या वर्षी तो दहावीला होता. सीबीएसईने त्याचे राहिलेले पेपर नंतर घेतले, आणि राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी अशी सोय त्या मंडळाने पुढेही ठेवली. लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा घेणाऱ्या मंडळाला जे जमते ते विद्यापीठाला जमायला हरकत नसावी. आपल्याकडेही खेळाडूंना नंतर परीक्षा देऊ देण्याचे प्रकार अधूनमधून होतात, पण अर्ज, शिफारस, पाठपुरावा करून, ओळख असेल तर. हक्क म्हणून, आधी जाहीर केलेल्या तारखेला, न मागता मिळणारी परीक्षा ही वेगळी गोष्ट आहे. युरोपीय संघाने 2012मध्ये खेळाडूंच्या दुहेरी कारकिर्दीसाठी, म्हणजे खेळ आणि शिक्षण एकत्र चालवण्यासाठी, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत लवचिक परीक्षा आणि दूरस्थ अभ्यास यांवर भर आहे. ब्रिटनमध्ये 2004पासून गुणवान खेळाडूंना शिकता शिकता खेळता यावे म्हणून स्वतंत्र शिष्यवृत्ती योजना चालते. यांत अवघड तंत्रज्ञान काही नाही. कोणी तरी जबाबदार माणूस नेमलेला आहे, एवढेच.

आपल्याकडे कायदाही आडवा येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ हे विद्यापीठाचे एक प्राधिकरण आहे. परीक्षा व मूल्यमापन मंडळही आहे. या दोघांची वर्षातून एक संयुक्त बैठक घ्यायला शासनाच्या नव्या निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात राबवलेल्या पदवी रचनेत सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यांत खेळ आहे. 2023च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही खेळाला जागा आहे. हे श्रेयांक विद्यापीठ संघाच्या शिबिराला आणि स्पर्धेला नीट जोडले, तर खेळाडूचे ते पंधरा-वीस दिवस ‘गैरहजर’ म्हणून नोंदले जाणार नाहीत. शिकण्याचे दिवस म्हणून नोंदले जातील. मात्र नॉर्थ कॅरोलायना विसरू नये. श्रेयांक मिळावा तो प्रत्यक्ष सरावाच्या नोंदीवर, प्रशिक्षकाच्या मूल्यमापनावर. नुसत्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवर मिळू लागला, तर पुन्हा कागदाचाच बाजार भरेल.

बुडालेले तास भरून काढण्याचा प्रश्न राहतो, आणि खरा कस तिथे आहे. प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात एका प्राध्यापकाकडे खेळाडू विद्यार्थ्यांची जबाबदारी द्यावी. त्याचे तास त्याच्या कार्यभारात धरावेत. स्पर्धेहून आलेल्या मुलाने कोणते प्रकरण, कोणता प्रयोग, कोणते सबमिशन राहिले हे त्या प्राध्यापकाकडे जाऊन पाहायचे. प्रयोगशाळा सत्राच्या शेवटी दोन शनिवार फक्त राहिलेल्या प्रात्यक्षिकांसाठी उघडी ठेवावी. त्याचा फायदा आजारी पडलेल्या विद्यार्थ्यांनाही होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मानधन देऊन खेळाडूंच्या शिकवण्या लावता येतील. फिजिकल डायरेक्टर हे काम आजही करतात, पण विनंत्या करून, आणि अनेक महाविद्यालयांत तर ते पदच रिकामे आहे. ते भरले जात नाही तोवर खेळाबद्दलचे कोणतेही धोरण कागदावरच राहणार, हे आपण शासनाला स्पष्ट सांगावे.

महाराष्ट्राला खेळातली गुणवत्ता नवी नाही. 2020मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, तेव्हा पंजाब विद्यापीठाच्या पाठोपाठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावर होते. दरवर्षी ‘अश्वमेध’ या राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवात राज्यभरातून शेकडो मुले उतरतात. नागपूर-अमरावतीकडे विद्यापीठाचा कलर कोट मिळाला की गावात मिरवणूक निघते. त्या कोटातली मुले पुढे शिकून काय झाली, हे मात्र विद्यापीठाला विचारले तर सांगता यायला हवे. म्हणून एक आग्रहाची मागणी : आपल्या वार्षिक अहवालात पदकांच्या यादीला लागून एक रकाना छापावा. विद्यापीठ संघात निवडलेल्या किती विद्यार्थ्यांनी पदवी वेळेत पूर्ण केली, कोणत्या शाखेत, त्यांत मुली किती. नावे नकोत, फक्त आकडे. पहिल्या वर्षी ते कदाचित छापावेसे वाटणार नाहीत. तरी छापावेत. ते समोर आल्याशिवाय कनेक्टिकटला जाग आली नाही, आपल्यालाही येणार नाही.

आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या तारखा भारतीय विश्वविद्यालय संघाकडून आधी कळतात. त्या हाती आल्या की परीक्षा संचालक आणि क्रीडा संचालकांना एका टेबलाशी बसवावे, दोन्ही वेळापत्रके समोर घ्यावीत, आणि ज्या दिवशी दोन्हीकडे एकाच विद्यार्थ्याचे नाव येते त्या दिवसासाठी पेपरची दुसरी तारीख तिथेच ठरवावी. ती तारीख हॉल तिकिटावर छापलेली असावी, म्हणजे परीक्षा केंद्रावर कोणाला पत्र दाखवत फिरावे लागणार नाही. पुढचे सत्र सुरू होण्याआधी एवढे होऊ शकते.

कळावे,

महाविद्यालयीन खेळ आणि शिक्षण या दोन्हींची काळजी वाहणारा
एक मराठी लेखक